पाहुण्यांपुरती हवा

घरी पाहुणा यावयाचा असला म्हणजे गृहस्थ ओसरी झाडून घेतो, कोनाड्यांतली जळमटे काढतो आणि एरवी माळ्यावर पडून असलेली स्वच्छ चादर पलंगावर घालतो. या धांदलीला कोणी दांभिकपणा म्हणत नाही, आणि म्हणूही नये; निमित्त कोणतेही असो, घर स्वच्छ झाले हे चांगलेच झाले. परंतु पाहुण्याची पाठ फिरताच तीच चादर घडी होऊन पुन्हा माळ्यावर गेली आणि घरची लेकरे पूर्ववत् धुळीत निजू लागली, तर त्या आदरातिथ्याविषयी मनात एक शंका उभी राहते. घर स्वच्छ ठेवणे या गृहस्थाला शक्य होते. मग त्याने ते कोणासाठी केले आणि कोणासाठी केले नाही? ही शंका आज आम्हांला नगरांच्या हवेविषयी उपस्थित करावयाची आहे. आणि येथे पाहुणा म्हणजे मोठमोठ्या क्रीडासामन्यांसाठी येणारा खेळाडू, त्याचा प्रेक्षक आणि त्यांच्यामागून येणारा जगाचा कॅमेरा.

आम्ही राहतो ते राऊ इंदूरच्या नैर्ऋत्येस, आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पीथमपूरचे कारखाने आणि आमची घरे ओलांडून शहराकडे जातो; थंडीत तो मंदावतो, दिशा बदलतो, आणि शहराने टाकलेला श्वास आमच्या वाट्यास येतो. ज्या मुलुखाच्या शीतल रात्रींची ख्याती ‘शब-ए-मालवा’ या नावाने उत्तर हिंदुस्थानभर झाली, तो हा मुलूख. येथल्या माणसाला हवेचा अभिमान वारशानेच मिळालेला आहे, आणि अलीकडे त्या अभिमानाला सरकारी शिक्काही लाभला आहे. केंद्र सरकारच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत इंदूरचा पहिला क्रमांक २०२३ साली आला, आणि २०२५ सालीही आला. हे गुण मुख्यत्वे शहराने योजलेल्या उपायांना मिळतात, हे मात्र येथे ध्यानात ठेवावे. विद्यार्थ्याच्या अभ्यासाला गुण देणे आणि त्याच्या प्रकृतीला गुण देणे यांत जो भेद आहे, तोच येथेही आहे.

त्या २०२३ सालच्या सप्टेंबरातील एक आठवडा आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मोठा बोलका आहे. २२ सप्टेंबरला इंदुरात ‘नो कार डे’ पाळला गेला. मोटारी घरी ठेवून सायकलने, बसने, पायी कामावर जाण्याचे आवाहन नगराने केले आणि अनेकांनी ते आनंदाने मानले. त्यानंतर दोनच दिवसांनी, रविवार २४ सप्टेंबरला, होळकर स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा एकदिवसीय सामना झाला. शुभमन गिल आणि श्रेयस अय्यर यांनी शतके ठोकली, भारताने ३९९ धावा केल्या, आणि शहराच्या मधोमध असलेल्या त्या मैदानाभोवती अशा दिवशी नेहमीच लागते तशी वाहनांची रांग लागली. त्या एका सामन्याने शहराची हवा बिघडवली असा आरोप आम्ही करीत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस धुऊन निघालेली हवा तसा आरोप सिद्धही होऊ देणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की शुक्रवारी ज्या नगराने हवेला व्रत म्हणून मानले, त्याच नगराला रविवारी तिची आठवण राहिली नाही. व्रत आणि उत्सव हे आपल्या मनाच्या दोन वेगळ्या खणांत ठेवलेले आहेत.

इंदूरला क्रिकेट नवे नाही. होळकरांच्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, कर्नल सी. के. नायडू त्याचे नेतृत्व करीत आणि मुश्ताक अली हे तर याच गावचे. १९४५-४६ च्या उपान्त्य सामन्यात या संघाने म्हैसूरविरुद्ध सहा शतकांसह ८ बाद ९१२ धावा केल्या होत्या, हे येथील जुनी मंडळी नातवंडांना अजून सांगतात. ते खेळ पाहावयास माणसे पायी, सायकलवर किंवा टांग्याने जात. दिवसाउजेडी खेळ होई आणि दिवस मावळला की संपे. आज खेळ तोच आहे, परंतु त्याच्याभोवतीचा सोहळा बदलला आहे; तो रात्री भरतो, दूरदूरच्या गावांहून मोटारींनी येतो, आणि विजयाची वार्ता येताच राजवाड्यासमोर फटाक्यांच्या धुराने साजरा होतो.

रात्रीच्या सामन्यांसंबंधी एक गोष्ट आम्हांला विशेष विचार करण्याजोगी वाटते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि वरच्या उबदार थराखाली झाकणाखालच्या वाफेसारखी कोंडून राहते. हिलाच शास्त्रज्ञ तापमानाची विपरीतता म्हणतात. याच कारणाने मैदानावर दव पडते, आणि दव पडले की चेंडू ओला होऊन गोलंदाजाच्या हातून निसटतो. म्हणून समालोचक संध्याकाळभर दवाची चर्चा करतात आणि कर्णधार नाणेफेक जिंकल्यावर दवाचा हिशेब मांडून निर्णय घेतात. आता ज्या निवांत, थंड हवेत दव साठते त्याच हवेत मोटारींचा, डिझेल जनित्रांचा आणि दारूकामाचा धूरही साठतो. आतषबाजीचा हिरवा रंग बेरियमच्या क्षारांनी येतो, लाल रंग स्ट्रॉन्शियमने. प्रकाश क्षणात विझतो, ते कण मात्र तासन् तास जमिनीलगत तरंगत राहतात. दवाने खेळाचा निकाल बदलतो म्हणून त्याची चर्चा होते. धुराने निकाल बदलत नाही, फक्त प्रेक्षकांची व शेजाऱ्यांची छाती भरते, म्हणून त्याचे नाव कोणी काढत नाही. काय मोजावे हे माणूस कशावरून ठरवतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

एकदा मात्र धुराने खेळच थांबवला. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत-श्रीलंका कसोटी सामना चालू असता, ३ तारखेला श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मुखपट्ट्या बांधून क्षेत्ररक्षणास उतरले. खेळ पुन्हा पुन्हा खंडित झाला, गोलंदाज मैदान सोडून गेले, आणि अखेर विराट कोहलीने ७ बाद ५३६ वर डाव घोषित केला. प्रेक्षकांतून पाहुण्यांची हुर्यो उडवण्यात आली. क्रिकेट मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने तर असे विचारले, की वीस हजार प्रेक्षकांना काही झाले नाही, आपल्या संघाला काही झाले नाही, मग यांनीच एवढा गवगवा का करावा?

वकिलीच्या पेशात हा युक्तिवाद आम्ही वेगवेगळ्या वेशांत अनेकदा ऐकलेला आहे, आणि त्याचे उत्तर सरळ आहे. तक्रार न करणे हा अपाय न झाल्याचा पुरावा नव्हे. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने धावणारा खेळाडू शंभर लिटरांच्याही पलीकडे जातो. तेव्हा मैदानावरील माणसाला जे आधी जाणवले, ते सज्जात बसलेल्याला उशिरा जाणवेल, एवढाच त्याचा अर्थ. आणि संमतीचे म्हणाल, तर कायद्यातील एक जुने लॅटिन सूत्र आहे, ‘व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया’: जो राजीखुशीने धोका पत्करतो त्याला अन्याय झाला असे म्हणता येत नाही. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला हे सूत्र कदाचित् लावता येईल. चौकात आठ तास उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने कोणते तिकीट काढले होते? फाटकाबाहेर भुईमुगाच्या शेंगा विकणारीने, आणि मैदानामागच्या गल्लीत खिडकी लावून बसलेल्या दमेकऱ्याने कोणत्या करारावर सही केली होती? शिवाय सवय म्हणजे संमती नव्हे. दिल्लीकरांच्या अंगवळणी पडलेली हवा परक्याच्या घशाला एका दुपारी सोसवली नाही. त्या मुखपट्ट्यांनी यजमानाचा अपमान केला नव्हता, यजमान किती सोसत आहे हे त्याला दाखवले होते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. क्रीडोत्सवाने हवा मलिन होते तशी ती कधी कधी निर्मळही होते, आणि नीतीचा खरा पेच तेथेच आहे. २००८ च्या ऑलिंपिकसाठी चीनच्या सरकारने बीजिंगमध्ये २० जुलैपासून दोन महिने सम-विषम क्रमांकांच्या मोटारी दिवसाआड रस्त्यावर आणल्या, कारखाने बंद ठेवले, बांधकामे थांबवली. हवा लक्षणीय सुधारली. खेळ संपले, बंधने उठली, आणि मळभ परत आले. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्या मातांचा आठवा महिना त्या स्वच्छ दिवसांत आला होता, त्यांची बाळे मागच्या-पुढच्या वर्षी त्याच दिवसांत आठवा महिना गेलेल्या मातांच्या बाळांपेक्षा सरासरीने २३ ग्रॅम अधिक वजनाची होती. तेवीस ग्रॅम म्हणजे आमच्या सराफ्यातल्या तराजूत दोन तोळे. दोन तोळे सोने कोणी हिरावले तर आपण फौजदारी करू. बीजिंगच्या इतर वर्षांच्या बाळांचे हे दोन तोळे कोणी घेतले, आणि फिर्याद कोठे करावयाची?

अमेरिकेतील अटलांटा शहरात १९९६ च्या ऑलिंपिकच्या सतरा दिवसांत सकाळच्या गर्दीच्या वेळची वाहतूक सुमारे साडेबावीस टक्के घटली, हवेतील ओझोनची कमाल पातळी सुमारे २८ टक्के उतरली, आणि सरकारी विमायोजनेतील मुलांच्या दम्याच्या तीव्र झटक्यांची नोंद ४१.६ टक्के कमी झाली. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे, की २०१० साली दुसऱ्या संशोधकांनी, त्या दिवसांत आसपासच्या दूरच्या प्रदेशांतही ओझोन घटला होता, सबब सारे श्रेय वाहतुकीच्या बंधनांना देता येत नाही, असे दाखवून दिले. साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे. तरीही धूर कमी केला तर छातीला आराम पडतो, हे मूळ विधान त्या उलटतपासणीतून शाबूतच बाहेर पडते.

येथून आमचा मुख्य मुद्दा निघतो. एखादी गोष्ट अशक्य आहे असे म्हणणाऱ्यावर नीती दोष ठेवत नाही. अशक्याचे ऋण कोणावर नसते. परंतु पाहुण्यांसाठी ती गोष्ट एकदा करून दाखवली, की अशक्यतेचा बचाव कायमचा संपतो. त्या दिवसापासून सिद्धतेचा भार फिरतो. नागरिकाने ‘स्वच्छ हवा शक्य आहे’ हे सिद्ध करावयाचे उरत नाही. ‘ती सतरा दिवसच का?’ याचे उत्तर सत्तेने द्यावयाचे असते. कदाचित् उत्तर रास्तही असेल. कारखाना बंद ठेवला म्हणजे मजुराचा रोज बुडतो, आणि पाहुण्याच्या श्वासासाठी मजुराची चूल विझवणे हा न्याय नव्हे. तसे असेल तर ते हिशेबासह, उघडपणे सांगावे. मुकाट्याने चादर घडी घालून माळ्यावर ठेवणे हे उत्तर नव्हे.

पाहुण्यांसाठी केलेले काही घरच्यांसाठी मागे राहिले, असेही एक उदाहरण आहे, आणि त्याचे श्रेय मराठी मुलुखातील एका संस्थेकडे जाते. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हवेच्या गुणवत्तेचे मोजमाप व पूर्वकथन करणारी ‘सफर’ ही व्यवस्था उभारली. खेळाडू आपापल्या देशी परतले, मापके राहिली. पुढे पुणे, मुंबई आणि अहमदाबाद यांनाही ती व्यवस्था मिळाली. ज्याला आपण हवेचा आकडा म्हणून सकाळी वर्तमानपत्रात पाहतो, त्याच्या वंशावळीत एक क्रीडोत्सव आहे. पाहुणचाराचे चीज होते ते असे.

वाचक म्हणतील, घटनेने नागरिकाला काही दिले आहे की नाही? दिले आहे. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ पासून आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर १९८४ च्या एका रात्री, आमच्याच राज्याच्या राजधानीत हवेने हजारोंचा बळी घेतला, हे विसरणे आम्हांला शक्य नाही. प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सांगितले. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. मराठवाड्यात माणसे टँकरची वाट पाहत असता मैदानावर पाणी शिंपडणे न्यायालयाला रुचले नाही. २०२३ च्या विश्वचषकाच्या वेळी, मुंबईच्या बिघडलेल्या हवेची त्याच न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली असता, क्रिकेट मंडळाने मुंबई आणि दिल्ली येथील सामन्यांत आतषबाजी न करण्याचे जाहीर केले. निर्णय स्तुत्य होता. तथापि या दोन प्रसंगांतील अंतर पाहण्यासारखे आहे: पाण्यासाठी सामना हलला, हवेसाठी फक्त दारूकाम हलले. पाण्याची टंचाई टँकरच्या रांगेत दिसते. श्वासाची रांग कोठे लागत नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत दोन-चार सामने. कारखाने, रस्त्याची धूळ, शेतातला जाळ यांच्या तुलनेत त्यांचा वाटा तो किती? ‘घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे’ असे फार तर म्हणा, पण घोडा लहान आहे. याचे उत्तर आम्ही १८९४ सालच्या एका इंग्रजी निवाड्यातून देऊ. लंडनजवळच्या एका माळावर सहलीला येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी दोन प्रतिस्पर्धी दुकानदारांनी चक्री पाळणे मांडले होते आणि दोघेही दिवसभर बाजाची पेटी वाजवीत. शेजाऱ्याने दावा लावला. प्रत्येकाचा बचाव असा, की माझ्या एकट्याच्या आवाजाने उपद्रव होत नाही. न्यायाधीशांनी दोघांनाही मनाई केली. दुसराही तेच करीत आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपला वाटा लहान असल्याची सबब सांगता येत नाही. हवेच्या बाबतीत आपण सारे त्या माळावरचे पेटीवाले आहोत. शिवाय दमेकऱ्याला वर्षाची सरासरी मारीत नाही. त्याला एक रात्र पुरते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. मग खेळच बंद करा, असे काही सोवळे लोक म्हणतील. त्यांच्याशी आमचे बिलकुल जमत नाही. तीस हजार अनोळखी माणसे एका फटक्याला एकदम उठून उभी राहतात, हा आनंद माणसाच्या आयुष्यात क्षुल्लक नाही; ज्या नगराला एकत्र ओरडण्याचे निमित्त उरत नाही ते नगर स्वच्छ असले तरी उदास असते. उलट, खेळाचा हवेवर अधिकार आहे म्हणूनच आम्ही बोलत आहोत. दिल्लीत नोव्हेंबर २०१६ मध्ये रणजी करंडकाचे दोन सामने धुरक्यामुळे रद्द करावे लागले. १७ डिसेंबर २०२५ ला लखनौत भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना दाट धुरकट धुक्यात एक चेंडूही न टाकता सोडून द्यावा लागला. हवेचा पहिला बळी दमेकरी असेल, परंतु शेवटी खेळही तिच्याच हवाली आहे.

आमच्या कोकणी वाचकांना याचा पडताळा घरानजीकच मिळेल. मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाची धूळ वास्कोच्या घराघरांत शिरते ही तक्रार तेथील रहिवासी वर्षानुवर्षे करीत आले; २०१७ च्या जनसुनावणीत ती त्यांनी हिरिरीने मांडली. २०२०-२१ साली साथीच्या कारणाने इंडियन सुपर लीगचा सारा हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना खेळला गेला, आणि त्याचे काही सामने वास्कोच्या टिळक मैदानावर झाले. देशाने दूरचित्रवाणीवर हिरवेगार मैदान पाहिले. मैदानाच्या भिंतीपलीकडे खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले असता काय लागते, ते कॅमेऱ्याने दाखवले नाही; तो त्यासाठी आलाच नव्हता. पाहुण्याच्या नजरेला मर्यादा असते, म्हणून घरच्यांनी आपली नजर शाबूत ठेवली पाहिजे.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला व्हावयाच्या आहेत, आणि ऑलिंपिक भरवण्याची आकांक्षाही देशाने बोलून दाखवली आहे. त्या वेळी रस्ते धुतले जातील, मोटारींवर निर्बंध येतील, हवेचे आकडे फलकांवर झळकतील. आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक मोठ्या सामन्याच्या तिकिटातच बसचे भाडे धरावे आणि मैदानाभोवती खासगी वाहनांना बंदी असावी. दिवे जनित्रावर न चालता विजेच्या तारेवर चालावेत. आतषबाजी न्यायालयाने डोळे वटारण्यापूर्वीच सोडावी. आणि सामन्याच्या आधी, दरम्यान व नंतर मैदानाबाहेरच्या वस्तीत हवा मोजून ते आकडे धावफलकाइतक्याच ठळकपणे जाहीर करावेत. यांतले काहीही अघटित नाही. इंदूरने एका शुक्रवारी मोटारी घरी ठेवून दाखवल्या आहेत. प्रश्न रविवारचा आहे.

पाहुण्यासाठी जे उपाय योजले त्यांची एक यादी नगराने करावी, आणि पाहुणा गेल्यावर त्यांतला कोणता उपाय का उठवला याचे कारण प्रत्येकासमोर लिहावे. ही यादी नगरपालिकेच्या दारावर लागली, तर नागरिकाला वेगळे आंदोलन करण्याची फारशी गरज उरणार नाही. ती वाचणे पुरे होईल. परका खेळाडू चार दिवस आपली हवा घेतो आणि निघून जातो. त्याच हवेत जन्मलेल्या बाळाला दुसरीकडे जावयाचे नसते, आणि त्याच्या दोन तोळ्यांचा हिशेब आपल्यालाच द्यावयाचा आहे.